शामळशा सेठचा परवाना

नरसी मेहत्याच्या हुंडीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी कीर्तनात, नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेली असते. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चोरांची भीती होती. त्यांनी आपली रक्कम नरसीकडे दिली आणि नरसीने द्वारकेच्या 'शामळशा सेठ'वर हुंडी लिहून दिली. या नावाचा सावकार द्वारकेत नव्हताच. यात्रेकरू शोधून शोधून थकले, तेव्हा प्रत्यक्ष श्रीकृष्ण सेठचे रूप घेऊन आला आणि त्याने हुंडी वटवली.

कीर्तनकार ही गोष्ट भक्तीचा महिमा म्हणून सांगतात. मी जन्मभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केलेला माणूस. मला ती यात्रेकरूंच्या बाजूने आठवते. पैसे दिले एका गावात, मिळायचे दुसऱ्या गावात आणि मधल्या काळात हातात फक्त एक कागद! पलीकडे शामळशा सेठ उभा राहिलाच नाही तर?

अमेरिकेत राहून भारतात पैसे पाठवणाऱ्या आपणा सर्वांचा हाच प्रश्न आहे, फक्त तो आता फोनच्या पडद्यामागे दडला आहे. आपण डॉलरचा भाव पाहतो, बोट टेकवतो आणि पुढच्या कामाला लागतो. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत मजकूर असतो: ही कंपनी न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाची परवानाधारक आहे, टेक्सासच्या ग्राहकांनी तक्रार अमुक ठिकाणी करावी, कॅलिफोर्नियाच्या ग्राहकांनी तमुक ठिकाणी. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि मला कुतूहल वाटू लागले. एकाच देशात एकाच कंपनीला राज्याराज्यांतून इतके परवाने का काढावे लागतात? त्याचे उत्तर शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जाऊन पोचलो. ती हकीकत आपल्या वाचकांना सांगावी म्हणून हा लेख.

पैसा जात नाही, निरोप जातो

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. पैसे 'पाठवणे' हा शब्दच थोडा फसवा आहे. हुंडीत नाणी कुठेच जात नसत. पुण्याचा सावकार काशीच्या आपल्या आडत्याला कागदावर निरोप पाठवी, तो तिथल्या गल्ल्यातून रक्कम देई आणि दोघांचा आपसातला हिशेब पुढे सवडीने मिटे. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. वेस्टर्न युनियनने १८७१ साली तारेने पैसे पाठवण्याची सोय सुरू केली, तेव्हाही तारेतून निरोपच गेला. आजच्या अ‍ॅपमध्येही तेच होते.

याचा अर्थ असा, की आपण पैसे दिल्यापासून ते पलीकडे पोचेपर्यंत ते आपले नसतात आणि आपल्या माणसाचेही नसतात. ते मधल्या माणसाच्या हातात असतात. तेवढ्या वेळात त्याने ते दुसरीकडे वापरले, किंवा त्याचे दिवाळे निघाले, तर आपल्या हातात उरतो तो कागद.

हा प्रश्न सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे मधला माणूस सरकारनेच व्हायचे. अमेरिकेच्या टपाल खात्याने यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, मनीऑर्डर सुरू केली. सैनिकांना घरी पैसे पाठवता यावेत हा त्यातला मोठा हेतू होता. भारतात ती १८८० साली आली आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी तिच्यावर अख्खे कोकण पोसले. माझे आजोबा गिरणीत होते. आजी सांगायची, पोस्टमन ओटीवर बसून नोटा दोनदा मोजायचा, तिचा अंगठा घ्यायचा, शेजारच्या दोघांची साक्ष घ्यायचा आणि मग फॉर्मच्या तळाशी आजोबांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. पोचपावती मुंबईला परत जायची. मधला माणूस पळून जाईल ही भीती आजीला कधी शिवली नाही, कारण तो मधला माणूस साक्षात सरकार होता. भारतीय टपाल खात्याने ही पारंपरिक मनीऑर्डर २०१५ साली बंद केली.

अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मजुरांनी मात्र दुसरा रस्ता धरला होता.

आगबोटीच्या तिकिटांची पेढी

विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आणि पूर्व युरोपातून दरवर्षी लाखो माणसे अमेरिकेत येत होती. इटालियन, स्लोव्हाक, हंगेरियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू. खाणीत, पोलादाच्या कारखान्यात किंवा शिवणकामाच्या खोल्यांत ती राबत आणि वाचेल तो डॉलर घरी पाठवत. १९०७ साली काँग्रेसने नेमलेल्या स्थलांतर आयोगाने, जो डिलिंगहॅम आयोग म्हणून ओळखला जातो, या पैशांचाही अभ्यास केला. एकट्या १९०७ साली सुमारे साडेसत्तावीस कोटी डॉलर परदेशी गेले, असा त्याचा अंदाज होता.

हे पैसे जात कोणामार्फत? मोठ्या अमेरिकन बँकांच्या संगमरवरी पायऱ्या चढायला या मजुराचा धीर होत नसे. तिथे त्याची भाषा कोणाला येत नसे आणि त्याची पाळी संपेपर्यंत बँक बंद झालेली असे. त्याच्या गल्लीत मात्र त्याच्या गावचा वाणी होता, नाहीतर दारूच्या गुत्त्याचा मालक. दुकानाच्या काचेवर आगबोटीचे चित्र आणि परदेशी नोटांची मांडणी. हा माणूस आगबोटीची तिकिटे विकायचा, गावाकडची पत्रे लिहून द्यायचा, नोकरी बघून द्यायचा, कागद करून द्यायचा आणि पैसेही पाठवायचा. मजूर आपली शिल्लकही त्याच्याकडेच ठेवत, बहुतेक वेळा बिनव्याजी. पावती असली तर असली. तो मजुरांचे पैसे आपल्या दुकानात, जमिनीत, शेअरमध्ये गुंतवत असे आणि त्यावर कोणाचीही देखरेख नव्हती.

आपण या लोकांना हसण्याचे कारण नाही. परक्या देशात आपल्या भाषेत बोलणारा दुकानदार भेटला की आपलाही जीव थोडा सैल होतोच. भरवसा ठेवण्याची ती फार जुनी रीत आहे.

ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट या मोठ्या संस्थेने दरवाजे बंद केले आणि देशभर घबराट पसरली. कारखाने थंडावले, मजूर मायदेशी परतू लागले आणि जाण्यापूर्वी आपले पैसे मागू लागले. ते सगळे एकदम मागू लागल्यावर अनेक पेढ्यांत पैसे नव्हतेच. काही पेढीवाल्यांनी रातोरात गाशा गुंडाळला.

न्यूयॉर्कचा कायदा

मग राज्ये जागी झाली. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी यांसारख्या स्थलांतरितांची वस्ती असलेल्या राज्यांनी आगेमागे नियम केले, पण सर्वांत गाजला तो न्यूयॉर्कचा १९१० चा कायदा. सांभाळण्यासाठी 'किंवा दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी' लोकांचे पैसे स्वीकारायचे असतील, तर राज्याच्या हिशेब अधिकाऱ्याकडून परवाना घ्या, अनामत ठेवा, जामीनखत द्या, असे तो सांगत होता. आपल्या पडद्यावरच्या बारीक अक्षरांची मुळे इथे सापडतात.

पेढीवाले अर्थातच कोर्टात गेले. एंगल विरुद्ध ओ'मॅली हा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि जानेवारी १९११ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी न्यूयॉर्कच्या बाजूने निकाल दिला. या कायद्यात एक मोठी सूट होती: ज्या पेढीतली सरासरी ठेव पाचशे डॉलरच्या खाली नाही, तिला तो लागू नव्हता. श्रीमंतांच्या पेढीला मोकळीक आणि गरिबांच्या पेढीला जाच, ही समानता कुठली, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो मानला नाही. लहान रक्कम ठेवणाऱ्या अजाण माणसाला संरक्षणाची अधिक गरज आहे असे राज्याला वाटले, तर तसा फरक करण्याचा त्याला अधिकार आहे, हे त्या निकालाचे सार. बड्या ठेवीदाराला वकील परवडतो. पाच डॉलर ठेवणाऱ्याच्या मागे कोणीतरी उभे राहायला हवे, ते राज्याने राहावे.

यात एक विरोधाभास आहे. ज्या डिलिंगहॅम आयोगाने या पेढ्यांची अंधारी बाजू उजेडात आणली, त्याच आयोगाच्या अहवालाचा आधार घेऊन पुढे १९२० च्या दशकात या लोकांना अमेरिकेचे दरवाजे जवळजवळ बंद करण्यात आले. स्थलांतरिताला संरक्षण देणारा हात आणि त्याच्याकडे संशयाने बघणारा डोळा एकाच देहाचे असू शकतात. ही गोष्ट पुढेही दिसणार आहे.

ऑर्चर्ड रस्त्यावरचा मनोरा

परवाना आला म्हणजे प्रश्न मिटला का? न्यूयॉर्कच्या कॅनाल आणि ऑर्चर्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर याचे उत्तर अजून उभे आहे. सेंडर यार्मुलोव्स्की या ज्यू गृहस्थाने १८७३ साली सुरू केलेली पेढी तिथल्या ज्यू वस्तीची जणू घरची तिजोरी होती. आगबोटीची तिकिटे विकण्यापासून सुरुवात करून तो इतका मोठा झाला, की १९१२ साली त्याने बारा मजली इमारत बांधली. आजूबाजूच्या बुटक्या चाळींतून ती मंदिराच्या कळसासारखी दिसे. त्याच वर्षी तो वारला आणि पेढी मुलांच्या हाती आली.

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटले. मायदेशात अडकलेल्या आई-वडिलांना, बायका-मुलांना पैसे पाठवण्यासाठी लोकांनी पेढीवर झुंबड केली. पेढीची मालमत्ता पुष्कळ, पण ती जमीनजुमल्यात अडकलेली. ऑगस्टमध्ये राज्याच्या बँक अधीक्षकांनी ही पेढी आणि तिच्यासारख्या आणखी काही बंद केल्या. दोन हजार माणसे दारासमोर जमली. पुढे पाचशे जणांचा जमाव मालकाच्या एका मुलाच्या घरावर चालून गेला आणि त्याला चाळींच्या गच्च्यांवरून पळ काढावा लागला.

इथून पुढच्या कायद्यांना कळले, की मालक सचोटीचा आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. लोकांचे पैसे त्याने कशात ठेवले आहेत, ते बघायला हवे. लोकांना जेवढे देणे आहे तेवढी रक्कम रोखीत किंवा चटकन मोडता येईल अशा सुरक्षित रोख्यांत कायम हाताशी असली पाहिजे, हा आजच्या परवान्याचा कणा आहे. त्याच्या जोडीला जामीन, कंपनीची स्वतःची पुंजी, वार्षिक हिशेब आणि राज्याच्या तपासनिसांची दप्तर तपासणी. विसाव्या शतकाच्या मध्यात प्रवासी धनादेश आणि खासगी मनीऑर्डरी विकणाऱ्यांसाठी अनेक राज्यांनी हेच नियम केले आणि पुढे पैसे पाठवणारे सगळेच त्यांच्या कक्षेत आले.

जाता जाता एक नाव. ज्याच्या नावाने आज जगभर फसव्या योजना ओळखल्या जातात, तो चार्ल्स पाँझी १९२० मध्ये बोस्टनला गाजला. परंतु त्याआधी तो कॅनडात माँट्रियल येथे झारोसी नावाच्या माणसाच्या अशाच एका स्थलांतरितांच्या पेढीत नोकरीला होता. जुन्या ठेवीदाराला नव्याच्या पैशातून व्याज द्यायचे ही विद्या तिथे चालत होती. ती पेढी बुडाली आणि मालक मेक्सिकोला पळाला.

वॉशिंग्टनचा वेगळा प्रश्न

इतकी वर्षे राज्ये एकच प्रश्न विचारत होती: 'ग्राहकाचा पैसा सुखरूप आहे ना?' वॉशिंग्टनने १९७० पासून दुसरा प्रश्न विचारायला सुरुवात केली: 'हा पैसा कोणाचा आणि चालला कुठे?' त्या वर्षीच्या बँक गोपनीयता कायद्यातून दहा हजार डॉलरवरच्या रोख व्यवहाराची खबर देण्याचा नियम निघाला. १९९२ साली राज्याचा परवाना नसताना हा धंदा करणे हा केंद्राचाही गुन्हा ठरला.

या दोन प्रश्नांची गाठ न्यूयॉर्कमध्येच पडली. अमली पदार्थांचा पैसा लहान लहान तुकडे करून कोलंबियाला जातो आहे, असे तपास अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये हुकूम निघाला: कोलंबियाला ७५० डॉलर किंवा अधिक रोख पाठवणाऱ्या प्रत्येकाची नोंद सरकारला कळवा. कोलंबियाकडे जाणारा ओघ एकदम आटला. पाठवणाऱ्यांत कितीतरी प्रामाणिक माणसेही होती, आणि नोंद त्यांचीही झाली.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. नोव्हेंबरात 'अल-बरकात' या सोमाली लोकांच्या पैसे पाठवणाऱ्या जाळ्याची कार्यालये मिनियापोलिससह अनेक शहरांत बंद करण्यात आली. ज्या देशात बँकाच उरल्या नव्हत्या, तिथल्या कुटुंबांचा तो आधार होता. पुढे त्या यादीतली अनेक नावे वगळण्यात आली, पण अडकलेले महिने काही परत आले नाहीत. त्या वर्षीच्या पेट्रियट कायद्याने 'परवाना लागतो हे मला ठाऊक नव्हते' ही सबबही बाद केली. 'हवाला' हा आपल्याकडचा शब्द अमेरिकन वर्तमानपत्रांत घरोघर पोचला तो तेव्हा.

हवाल्याबद्दल आपल्या पिढीने उगाच भोळेपणाचा आव आणू नये. १९८० च्या दशकात भारतातला सरकारी भाव आणि बाजारातला भाव यांत चांगलेच अंतर होते. आमच्या गावातही एक गृहस्थ होते. इथे डॉलर द्या, तिथे चढ्या भावाने रुपये घरपोच. चहा घेत, मुलांची चौकशी करत व्यवहार व्हायचा. एके दिवशी ते गाव सोडून गेले आणि काही कुटुंबांचे पैसे त्यांच्याबरोबर गेले. एकानेही तक्रार केली नाही. करणार कुठे? पावती नव्हती, परवाना नव्हता आणि व्यवहारही कायद्यात बसणारा नव्हता. परवान्याची खरी किंमत मला त्या घटनेने शिकवली. परवाना म्हणजे भल्या माणसाचे प्रमाणपत्र नव्हे. आपल्या माणसाने फसवले तर ज्याच्याकडे जाऊन मान वर करून बोलता येईल, असे एक दार म्हणजे परवाना.

पन्नास दारे

हे दार राज्यागणिक वेगळे असल्याचा त्रासही आहे. मोंटाना सोडले तर जवळपास प्रत्येक राज्याने स्वतंत्र परवाना मागायला सुरुवात केली. प्रत्येकाचा जामीन वेगळा, पुंजीची अट वेगळी, फॉर्म वेगळा. २००२ साली पेपॅल कंपनी शेअर बाजारात उतरत असतानाच लुइझियाना राज्याने तिला कळवले, की परवाना मिळेपर्यंत आमच्या लोकांना सेवा देऊ नका. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज ठेवतात. आपल्याच वस्तीतल्या छोट्या पेढीवाल्याला ते जमत नाही. तो मोठ्या कंपनीचा एजंट होतो किंवा दुकान बंद करतो. त्यात बँकांनी भीतीपोटी अशा व्यावसायिकांची खाती बंद केली की संकट दुहेरी. २०११ च्या अखेरीस मिनेसोटातल्या सोमाली कुटुंबांनी ते पुन्हा एकदा अनुभवले.

हा गुंता कमी करण्याचे प्रयत्नही झाले. २००० साली एक आदर्श कायदा लिहिला गेला, पण तो थोड्याच राज्यांनी घेतला. २०२१ मध्ये राज्यांच्या बँक नियंत्रकांनी नवा मसुदा मांडला आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी तो पूर्ण किंवा काही अंशी स्वीकारला आहे. सगळे केंद्राकडे सोपवा, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वॉशिंग्टनचा प्रश्न वेगळा आहे, राज्याचा वेगळा. पैसा गुन्हेगाराचा तर नाही, हे बघणाऱ्याला पाच डॉलरच्या ठेवीदाराची आठवण राहीलच असे नाही. नियमांत सारखेपणा यावा, पण तक्रारीचे दार घराजवळच असावे.

बारीक अक्षरे कशी वाचावीत

आता थोडे व्यवहाराचे. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातून आलेले नियम ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाले. त्यानुसार पैसे देण्याआधी शुल्क, भाव आणि पलीकडे नेमके किती रुपये मिळतील, हे सांगणे बंधनकारक आहे. साधारणपणे पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात, रक्कम पलीकडे मिळालेली नसेल तर, व्यवहार रद्द करता येतो. चूक झाल्यास १८० दिवसांपर्यंत कळवता येते. २०२६ च्या आरंभापासून रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांवर एक टक्का कर आहे. अमेरिकन बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवल्यास तो लागत नाही. म्हणजे ज्याच्याकडे खाते नाही, त्या मजुरावरच तो पडतो!

आणखी एक. बँक बुडाली तर ठेव विमा आहे, मधली कंपनी बुडाली तर तो विमा धावून येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'सिनॅप्स' नावाची, अ‍ॅप आणि बँका यांच्यामध्ये हिशेब ठेवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. हजारो लोकांची शिल्लक अडकली, कारण कोणाचे किती याचा मेळच लागेना. १९१४ साली जे जमिनीत अडकले होते, ते आता खतावणीत अडकले. तेव्हा नव्या अ‍ॅपचा भाव पाहताना आपल्या राज्याचा परवाना त्याच्याकडे आहे का, हेही पाहावे. राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळते.

न्यूयॉर्कला गेलात तर कॅनाल आणि ऑर्चर्डच्या कोपऱ्यावर जरूर थांबा. यार्मुलोव्स्कीची ती इमारत दिमाखात उभी आहे. २०२२ पासून तिथे महागडे हॉटेल आहे. समोरच्या पदपथावर ऑगस्ट १९१४ मध्ये शिलाई मशीन चालवणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बाया-माणसांची गर्दी उभी होती. हातात पासबुक आणि सातासमुद्रापार वाट बघणारी आई. त्यांना पुरते पैसे मिळाले नाहीत. पण आज आपले पैसे सहसा बिनबोभाट पोचतात, त्यात त्यांच्या बुडालेल्या डॉलरांचा वाटा आहे.